चिंचोक्यांचा खेळ: चौथीच्या लेकरांना इतिहास-भूगोल कसा शिकवायचा

सनावळी पाठ करून घेतली की लेकरं दिवाळीपर्यंत विसरतात हो, त्यापेक्षा खेळात घ्या. जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं 45 घरं आखा, एक घर म्हणजे एक वर्ष, पहिलं 1630 शिवनेरी, शेवटचं 1674 रायगड, राज्याभिषेक. फासा लागत नाही, दोन चिंचोके फोडून चार फाका करा, जितक्या पांढऱ्या पडल्या तितकी घरं पुढं.

आता खरी गंमत. प्रत्येक गटाला 35 चिंचोके द्या, हे किल्ले. 1665 ला सगळ्यांनी थांबायचंच, पुरंदरचा तह, मोजून 23 चिंचोके काढून घ्या, हातात उरतात 12. लेकरं रडकुंडीला येतात अन् तह म्हणजे काय ते तेव्हाच समजते, आपण कितीबी फळ्यावर लिहा. 1666 चं आग्र्याचं घर आलं की सुटका कशी झाली हे सांगेल त्यालाच पुढचा डाव, 1670 पासून किल्ले परत द्यायला लागा, पण एकदम नको, एका किल्ल्याचं नाव सांगितलं की एक चिंचोका.

भूगोलासाठी खडूनं ओसरीवरच दोन नद्या काढा. एक गट मुलताईहून वर्धेनं निघते, दुसरा सिवनीकडून वैनगंगेनं. मोर्शीजवळ अप्पर वर्धा अन् पवनीजवळ गोसीखुर्द, धरण आलं की एक डाव थांबा. चपराळ्याला दोन्ही गट एकत्र, तिथून प्राणहिता, मग सिरोंच्याजवळ गोदावरी. जिल्हा बदलला की नाव मोठ्यानं सांगायचं, आपलं गाव कोणत्या काठाकडं येते तेही लेकरांनाच शोधू द्या.