गरम पाईपची जाडी मोजायला जाताय? आदल्या दिवशी एवढं बघून ठेवा

रिफायनरीतलं क्रूड युनिट (कच्चं तेल तापवून वेगळं करणारा भाग) चालू आहे, लाइन म्हणजे पाईप ३०० डिग्रीच्या आसपास, आणि "उद्या सकाळी रीडिंग पाहिजेत" असा फोन संध्याकाळी पाचला येतो. हे काम अल्ट्रासॉनिक गेजचं: त्याचा प्रोब पाईपला टेकवला की भिंतीत आवाज जातो, आणि पलीकडून परत येणाऱ्या एकोला (प्रतिध्वनीला) लागलेल्या वेळेवरून गेज जाडी काढतो. अशा वेळी आधी बॅगेतला प्रोब बाहेर काढून बघा, कारण रोजचा साधा प्रोब ५० डिग्रीच्या आसपासच चालतो, गरम पाईपला लावला की गेलाच. डिले लाइनवाला (टोकाला उष्णता अडवणारा तुकडा असलेला) हाय टेम्परेचर ड्युअल प्रोब लागतो, म्हणजे आवाज पाठवायला एक आणि ऐकायला दुसरा क्रिस्टल, त्यातले काही ५०० डिग्रीपर्यंत चालतात, पण तेही सतत टेकवून ठेवायचे नसतात.

मग कपलंट, म्हणजे प्रोब आणि पाईपमधली हवा घालवून आवाज आत जाऊ देणारा लेप. ग्लिसरीन ९० डिग्रीच्या पुढे कामाचं नाही, आणि साधी जेल ३०० च्या पाईपवर टाकलीत तर तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज होऊन संपते, एको काही येत नाही. हाय टेम्परेचरची ट्यूब घ्या, तिच्यावरची तापमानाची रेंज वाचा, आणि नीट बघा की ती निम्मी रिकामी तर नाही ना (माझी होती, एकदा, ४० पॉइंट बाकी असताना).

आता खरं दुखणं. स्टील तापलं की त्यातला आवाजाचा वेग कमी होतो, दर ५५ डिग्रीला साधारण १ टक्का, आणि गेजला हे माहीत नसतं, त्यामुळे तो जाडी जास्त दाखवतो. थंड स्टेप ब्लॉकवर (माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचा स्टीलचा ठोकळा) कॅलिब्रेशन करून, म्हणजे गेज जुळवून, ३०० च्या पाईपवर गेलात तर फरक ५ टक्क्यांचा, म्हणजे गेजवर ८.४० मिमी दिसतं तेव्हा भिंत असते ८ च्या जरा खालीच. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला, पाईप पातळ आणि आकडा मस्त! सुरुवातीच्या काळात मी तापमानाचं करेक्शन न करता रिपोर्ट दिला होता आणि साहेबांनी मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून शांतपणे विचारलं, "काय रे, पाईप वर्षभरात जाड झाला का?" तेव्हापासून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमानाचा कॉलम आधीच आखून नेतो. तापमान बघायला टेकवायचा थर्मोकपल घ्या, आयआर गन (लांबून तापमान दाखवणारी) घासलेल्या चकचकीत स्टीलवर कमी दाखवते. जमलं तर स्टेप ब्लॉकच तेवढा गरम करून त्यावर कॅलिब्रेशन करा, त्यासारखं दुसरं काही नाही.

पॉइंट कुठले घेणार हे ड्रॉइंगवर आदल्या दिवशीच ठरवा, आणि फक्त एल्बोवर, म्हणजे पाईपच्या वळणावर, नको. कॅलिफोर्नियात रिचमंडला शेव्हरॉनच्या रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ ला क्रूड युनिटची ८ इंची लाइन फुटून आग लागली ना, तिथे गंधकाच्या गंजाने पातळ झालेला तुकडा सरळ पाईपचा होता. कार्बन स्टीलमध्ये सिलिकॉन कमी असलं की हा गंज जोरात चालतो, आणि एकाच लाइनमध्ये एक तुकडा ठीक आणि शेजारचा खलास असं होऊ शकतं. म्हणून सरळ भागाचे पॉइंट पण यादीत टाका.

परमिट, गॅस टेस्ट, परांची, इन्सुलेशनच्या खिडक्या (मोजण्यासाठी ठेवलेली झाकणं) उघडायला माणूस, हे सगळं सांगून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस चहात जातो. वायर ब्रश, चामड्याचे लांब हातमोजे, चिंध्या, आणि पाण्याची बादली. बादली प्रोबसाठी हां! प्रोब टेकवा, रीडिंग फ्रीज करा, उचला, फार तर पाच सेकंद, मग मिनिटभर थंड होऊ द्या, उघड्या हाताला सोसेल इतका थंड झाला की टोक पुसून झिरो घ्या (गेजचा शून्य पुन्हा जुळवा) आणि मगच पुढचा पॉइंट. डिले लाइन तापली की झिरो सरकतो, आणि घाई करणारे सगळे इथेच आपटतात. या हिशोबाने ४० पॉइंटला किती वेळ लागेल ते फोनवरच सांगून टाका.

आणि तीच लाइन दर महिन्याला मोजायची असेल तर कायमचे बसवायचे सेन्सर मागा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधनातून आलेल्या प्रकारात स्टेनलेसच्या लांब पट्ट्या पाईपला टेकतात आणि क्रिस्टल वर थंड जागेत राहतो, ६०० डिग्रीपर्यंत चालतं. महाग आहे, पण परांची दर महिन्याला बांधायची तीही फुकट नसते.

निघताना इन्सुलेशनच्या खिडक्या बंद झाल्या का ते स्वतः बघा, सिलंटची ट्यूब त्यासाठीच बॅगेत टाकायची. पावसाचं पाणी आत गेलं तर पुढच्या वेळी बाहेरून सडलेला पाईप मोजायला तुम्हालाच बोलावतील.