व्याही माउंट मेरीला चला म्हणाले तर? संतांच्या प्रार्थनेचं असं ठरवा

सोलापुरातली बरीच जुनी ख्रिस्ती घरं अमेरिकन मराठी मिशनवाली, म्हणजे प्रॉटेस्टंट, १९७० नंतर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), त्यामुळं मयत संतांना प्रार्थना हा विषय आपल्याकडं निघतच नाही, निघतो तो कॅथलिक घरात सोयरीक झाली की. सप्टेंबरात व्याही म्हणतात सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून बांद्र्याला माउंट मेरीच्या, म्हणजे मरियेच्या देवळाच्या जत्रेला जाऊ, इकडं पाळकसाहेब नाही म्हणतात, मग करायचं काय?

आधी बायबलात पौलाचं पत्र १ तीमथ्य, अध्याय २ उघडा, पण थेट पाचव्या वचनावर उडी मारू नका. देव आणि माणसांमध्ये येशू हा एकच मध्यस्थ, हे सगळ्यांना पाठ असतंय, पण पहिल्याच वचनात पौल सांगतोय की सगळ्या माणसांसाठी विनंत्या करा. दुसऱ्यासाठी रदबदली केल्यानं येशूची जागा जात असती तर प्रार्थनासभेत "पोराची दहावी आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा" असं आपण तरी कशाला सांगितलं असतं? तेव्हा हे वचन तोंडावर फेकून वाद जिंकला असं समजू नका.

खरी मेख पुढं आहे, गेलेल्यांना आपलं ऐकू जातंय का. व्याही प्रकटीकरण ५:८ दाखवतील, स्वर्गातल्या २४ वडीलजनांच्या हातात धूपाच्या सोन्याच्या वाट्या, तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. नीट वाचा, प्रार्थना देवापुढं नेल्यात एवढं दिसतंय, त्या वडीलजनांना उद्देशून कुणी केल्या असं काही तिथं नाही. २ मक्काबी १५ काढलं, जिथं मेलेला यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करतोय, तर तिथं थांबा, ते पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, आपल्या बायबलाच्या ६६ पुस्तकांमध्ये नाहीच. (आपले लोक बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचा १८ वा अध्याय काढतात, पण तिथं विषय मेलेल्यांकडून गुपितं काढायचा, मला ते ओढूनताणून वाटतं.)

मग मागणं काय आहे ते बघा. "आमच्यासाठी विनंती कर" वेगळं, आणि जत्रेत मेणाचं घर किंवा पाय विकत घेऊन "एवढं काम कर, पुढच्या वर्षी येतो" हे वेगळं, तो सरळ नवस झाला. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनंसुद्धा संतांकडं विनवणी चांगली म्हटलं, पण कृपा देवाकडून, ख्रिस्ताद्वारेच.

मी स्वतः करत नाही. इब्री ७:२५ प्रमाणं येशू आपल्यासाठी मध्यस्थी करायला सदैव जिवंत आहे, आणि गेलेल्याला हाक मारून प्रार्थना मागितल्याचं एक उदाहरण आपल्या बायबलात मला सापडलं नाही.

व्याह्यांना हे तिकीट काढायच्या आधीच सांगा, स्टेशनवर नको. त्यांच्याकडं जपमाळ सुरू झाली तर उठून जाऊ नका, प्रभूची प्रार्थना आली की मोठ्यानं म्हणा, "नमो मरिये" ही मरियेची प्रार्थना आली की गप्प बसा, कुणी राग धरत नाही. मेणबत्ती हातात दिली तर धरा की, आणि जे मागायचंय ते येशूकडं मागा.