कबरीवरचा पुसट मजकूर कागदी निगेटिव्हवर

इंग्लंडच्या टॅल्बटने १८४१ मध्ये पेटंट घेतलेली कॅलोटाइप पद्धत म्हणजे कागदाची निगेटिव्ह. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स कबरस्तानात हिल आणि ॲडमसन या छायाचित्रकार जोडीने १८४० च्या दशकात हीच वापरली. लेन्स मिनिटं-मिनिटं उघडी ठेवावी लागते, पण कबर कुठे हलते! छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत किंवा जालन्यात काम करायचं तर आधी चर्चची परवानगी घ्या. थंडीतच करा, मे महिन्यात ओला कागद कॅमेऱ्यातच सुकतो.

सुती लगद्याचा गुळगुळीत कागद घ्या. हातमोजे, चष्मा हवाच. सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते. ४ टक्के सिल्व्हर नायट्रेट ब्रशने लावून वाळवा, ६ टक्के पोटॅशियम आयोडाइडमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवा, धुऊन वाळवा. कागद फिकट पिवळा दिसला की जमलं. द्रावणांना डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्रेट दुधासारखं नासतं.

फोटोच्या आधी, नारिंगी दिव्यात: ११ टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये सहावा हिस्सा तीव्र ॲसेटिक आम्ल घाला. या मिश्रणाइतकंच गॅलिक आम्लाचं गार, संपृक्त द्रावण त्यात मिसळा. लागेल तेवढंच करा, ते लवकर तपकिरी होतं आणि मग डाग पडतात. कागदावर फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पाण्यातून काढा, टिपकागदाने टिपा, ओला असतानाच वापरा.

खरी मेख उजेडात आहे. अक्षरं वाचता येतात ती सावलीमुळे, म्हणून ऊन दगडाला चाटून जायला हवं. पूर्वमुखी शिळेला थंडीत साडेअकराच्या सुमारास जा. उत्तरमुखीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही; बाजूने आरसा धरा. अक्षरांत खडू भरणं किंवा तारेच्या ब्रशने घासणं मात्र नको, दगड खराब होतो. हा कागद निळा उजेडच पकडतो: प्रिंटमध्ये आकाश जळून पांढरं, गवत आणि लाल माती काळी. आपल्याकडचा काळा पाषाणही उजेड खातो, म्हणून एफ/११ ला (लेन्सच्या छिद्राचं माप) कडक उन्हात तीन मिनिटांनी सुरुवात करा आणि वाढवत न्या.

डेव्हलप करायला तेच मिश्रण ताजं करून ब्रशने फिरवा. सावल्यांचा तपशील दिसू लागला की धुवा. चित्र पक्कं करायला २० टक्के हायपोत (सोडियम थायोसल्फेट) दहा मिनिटं, मग तासभर वाहतं पाणी. इथे नळाचं चालेल. हायपो राहिला तर चित्र पिवळं पडून फिकं होतं. वाळल्यावर मेण लावून टिपकागदांमध्ये इस्त्री फिरवली की कागद पारदर्शक होतो, प्रिंटला ऊन कमी लागतं.