सोल्डरिंगची बिट काळी पडू नये म्हणून काय करायचं, पहिल्या दिवसापासून

नवीन शिकणारे खूप जण सांगतात की माझा हातच बसत नाही, सोल्डर, म्हणजे वितळवून जोड द्यायचा कथील-शिशाचा धातू, वायरला लागतच नाही, नुसता गोळा होऊन खाली पडतो. आणि त्यांची आयर्न हातात घेऊन बघितली की बिट, म्हणजे आयर्नचा पुढचा तापणारा भाग, कोळशासारखी काळी. हाताचा काही दोष नसतो हो, टोकावर ऑक्साइड चढलंय आणि त्याला सोल्डर धरतच नाही, मग उष्णता पुढे जाणार कशी?

आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ना, भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचं, बिटचंही तसंच आहे. टोकावर सोल्डरचा चकचकीत थर कायम पाहिजे. तो हवा आत येऊ देत नाही आणि उष्णताही तोच पॅडपर्यंत, म्हणजे बोर्डवर जिथे जोड द्यायचा त्या तांब्याच्या ठिपक्यापर्यंत, पोचवतो. बिट गरम असताना टोक कधी उघडं ठेवायचं नाही, बाकी सगळं यातूनच येतं.

आधी आपली बिट कुठल्या जातीची आहे ते बघा. साध्या २५ वॉटच्या आयर्नला बाजूला एक स्क्रू असतो आणि बिट म्हणजे भरीव दांडी, ती बऱ्याचदा तांब्याची असते आणि वरून पातळ मुलामा. टेम्परेचर कंट्रोलवाल्या स्टेशनला ९००एम प्रकारची येते ती आतून पोकळ, हीटरवर टोपीसारखी बसते. हिच्यात आत तांबं, त्यावर लोखंडाचा थर, मागच्या भागाला क्रोम आणि फक्त टोकाला कथील. लोखंड कशाला, तर वितळलेल्या कथलात तांबं विरघळतं, साध्या बिटला खड्डे पडतात ते त्यामुळेच, आणि लोखंड फार सावकाश झिजतं म्हणून प्लेटेड बिट कितीतरी जास्त टिकते. २५ वॉटवाल्यांनाही काही वेळा प्लेटेड बिट येते, तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत, तांब्याची की प्लेटेड एवढं विचारूनच घ्या. आणि सुईसारखी टोकदार घेऊ नका, सगळे तीच घेतात आणि मग उष्णता पोचत नाही म्हणून टेम्परेचर वाढवत बसतात. २ ते २.४ मिलिमीटरची चपटी, छिन्नीसारखी बिट हॉबीच्या जवळजवळ सगळ्या कामाला चालते.

सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७ ची (पहिला आकडा कथलाचे टक्के, दुसरा शिशाचे), आत रोझिन फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड साफ करणारी राळ, असलेली घ्या. ६३/३७ बरोबर १८३ डिग्रीला वितळते, शिकायला तीच बरी. नळाच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट बिटला आणि बोर्डला दोन्हीला खाते, ती अजिबात नको.

आता पहिल्यांदा तापवताना. साधी आयर्न असेल तर बटण लावायच्या आधीच, थंड बिटच्या टोकाला सोल्डरचे तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा आणि मग चालू करा. बिट तापत जाते तसं आधी फ्लक्स वितळून टोकावर पसरतं आणि मागोमाग सोल्डर, म्हणजे ऑक्साइडला चढायला वेळच मिळत नाही. स्टेशन असेल तर २५० डिग्रीच्या आसपास ठेवून सोल्डर टोकाला लावत राहा, सगळीकडून ओलं दिसेपर्यंत. नवीन आयर्नमधून सुरुवातीला थोडा धूर येतो, घाबरू नका, पण खिडकी उघडी ठेवा, आणि रोझिनचा धूर दम्याच्या माणसाला त्रास देतो म्हणून छोटा पंखा लावून तो तोंडापासून लांब जाईल असं बघा.

काम करताना अशा शिसंवाल्या सोल्डरला ३२० ते ३५० डिग्री पुरतात. ४०० च्या वर नेलं की ऑक्साइड भराभर चढतं आणि बिटचं आयुष्य कमी होतं. जोरात दाबूनही काही होत नाही, टोकावर सोल्डरचा छोटा थेंब असला की उष्णता आपोआप जाते.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात: जॉइंट झाला की बिट छान पुसून स्टँडला ठेवतात. उलटं करायचं! स्टँडला ठेवताना सोल्डर तशीच राहू द्या, वाटलं तर अजून थोडी लावा, आणि पुढचा जॉइंट करायच्या आधी पुसा. पुसायला पितळी तारेची घासणी सगळ्यात चांगली. स्पंज वापरत असाल तर ओला करून पिळून घ्या, पाणी ठिबकायला नको, आणि तो सोल्डरिंगचाच असावा, भांड्याचा फोमचा स्पंज वितळून बिटला चिकटतो. पाणी जड असेल तर आरओचं वापरा, नाहीतर क्षार बसतात. पाच-दहा मिनिटं काम थांबणार असेल तर आयर्न बंद करा किंवा २०० वर आणा.

बिट काळी पडलीच असेल तर लगेच टाकू नका. ३०० डिग्रीला ठेवा, टोक रोझिन फ्लक्समध्ये बुडवा, पितळी घासणीत फिरवा, लगेच नवीन सोल्डर लावा, असं सात-आठ वेळा चिकाटीने करा. बऱ्याच बिट एवढ्यावर परत येतात. नाही आली तर टिप टिनर नावाची छोटी डबी मिळते, त्यात गरम टोक घोळवायचं. तांब्याच्या बिटला जुने रेडिओ दुरुस्तीवाले नवसागरच्या वडीवर घासायचे, त्याने टोक उजळतं, पण धूर फार झोंबतो आणि राहिलेला क्षार बोर्डला खातो, म्हणून नंतर ओल्या स्पंजावर नीट पुसूनच बोर्डला लावा.

काणस आणि पॉलिश पेपर फक्त तांब्याच्या बिटसाठी, तेही थंड असताना, आणि घासून झाल्यावर परत ते वेढे गुंडाळूनच तापवायची. प्लेटेड बिटला काणस लावायचीच नाही. मी माझी पहिली प्लेटेड बिट अशीच घालवली, घासल्यावर चकचकीत झाली म्हणून खूश होतो आणि थोड्याच दिवसांत टोकाला भोक पडून आतलं तांबं विरघळायला लागलं. भोक पडलेल्या बिटवर मग उपाय नाही, बदलायचीच.

दिवसाचं काम संपलं की पुसायचं, टोकावर भरपूर सोल्डरचा गोळा चढवायचा आणि तसंच बंद करायचं. हात साबणाने धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं, धुतल्याशिवाय खाऊ नका. आणि महिन्यातून एकदा आयर्न पूर्ण थंड असताना स्क्रू ढिला करून बिट बाहेर काढा, आतली काळी पापडी ठोकून पाडा आणि परत बसवा, नाहीतर बिट आत अशी अडकते की काढताना हीटरच तुटतो.