संयुक्त निवेदन कसे वाचावे: भारत-फ्रान्स संबंधांचे उदाहरण

दोन देशांचे संबंध खरोखर किती घट्ट आहेत हे तपासायचे असेल, तर नेत्यांच्या गळाभेटीची छायाचित्रे बाजूला ठेवून संयुक्त निवेदन, म्हणजे भेटीनंतर दोन्ही सरकारे मिळून प्रसिद्ध करतात तो मजकूर, वाचायला घ्यावे. ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. भारत आणि फ्रान्स यांची सामरिक भागीदारी 1998 पासूनची असल्याने सरावासाठी हीच जोडी सोयीची आहे.

पहिल्या वाचनात केवळ क्रियापदांखाली रेघ ओढावी. ‘स्वागत केले’, ‘महत्त्व अधोरेखित केले’ यांमुळे कोणीच कशाला बांधले जात नाही. ‘स्वाक्षरी केली’ असे असल्यास ती कशावर झाली ते पाहावे, कारण सामंजस्य करार हा बहुधा इच्छेची नोंद असतो. उलट 2016 च्या आंतरसरकारी करारात 36 राफेल विमानांचा आकडा होता आणि 2022 अखेर ती सर्व भारतात पोहोचली.

यानंतर एकच विषय घेऊन मागील निवेदने उलट्या क्रमाने चाळावीत. काम कंटाळवाणे आहे, पण खरा उलगडा इथेच होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पात फ्रेंच तंत्रज्ञानाच्या, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या नियोजित आहेत. त्याचा उल्लेख वर्षानुवर्षे येत राहिला, परंतु अणुअपघाताच्या भरपाईविषयीच्या 2010 च्या कायद्यातील पुरवठादाराचे दायित्व आणि विजेचा दर यांवर घोडे अडले, आणि प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर, अणुभट्टी काही उभी राहिली नाही. याउलट फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार 2005 चा. माझगाव गोदीत बांधलेली पहिली ‘कलवरी’ 2017 मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. उशीर झाला खरा, पण पोलाद पाण्यात उतरले.

लष्करी सरावांची संख्या मोजत बसू नये. ‘वरुण’ नौदल सरावापेक्षा 2018 चा रसदविषयक करार अधिक बोलका आहे, कारण त्यामुळे एका देशाच्या युद्धनौकेला दुसऱ्याच्या तळावर इंधन व पुरवठा घेता येतो.

व्यापाराचे आकडे तपासताना वस्तू आणि सेवा वेगळ्या काढाव्यात आणि वर्ष कोणते तेही पाहावे: आपले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, फ्रान्सचे आकडे सहसा जानेवारीपासूनचे असतात. शिवाय निर्यातीची किंमत वाहतूक व विमा वगळून, तर आयातीची ते धरून नोंदवण्याचा प्रघात असल्याने एकाच मालाचे दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर लगेच गडबडीचा संशय घेऊ नये.