सेनेदमध्ये, म्हणजे वेल्सच्या विधिमंडळात, विरोधकांचा ठराव 'पास झाला' म्हणण्याआधी काय बघायचं

बुधवारी रात्री कार्डिफच्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, 'ठराव पास झाला!!' मीही एकदा असाच मेसेज पुढे ढकलला आणि मग कळलं की पास झालेल्या ठरावात विरोधकांचं एक वाक्य शिल्लक नव्हतं, सगळी सरकारची आरती होती. तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो.

आधी वार. सेनेदची पूर्ण बैठक मंगळवारी आणि बुधवारी असते, मंगळवार बहुतेक सरकारी कामात जातो आणि विरोधी पक्षांचे ठराव बुधवारी येतात. आपल्याकडे अधिवेशन संपत आलं की अंतिम आठवडा प्रस्ताव येतो ना, साधारण तसलंच, फक्त इथे बैठका चालू असल्या की जवळपास दर बुधवारी, आणि वेलमध्ये कुणी धावत नाही.

मग सेनेदच्या साइटवर अजेंडा उघडा. ठरावातलं 'नोंद घेते', 'खेद व्यक्त करते' वगैरे भरभर वाचलं तरी चालतं, खरी मागणी शेवटी 'सरकारला आवाहन करते'च्या पुढे असते. पण तिथे थांबू नका, गंमत त्याच्या खाली दुरुस्त्यांमध्ये आहे. सरकारची दुरुस्ती बरेचदा अशी सुरू होते: 'सगळं काढून टाका आणि त्याजागी हे घाला'. समजा विरोधक म्हणाले हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्ट कमी करण्यात सरकार नापास, तर दुरुस्तीनंतर तोच ठराव म्हणणार की स्टाफ किती राबतोय आणि सरकारने किती पैसे दिलेत. वर नाव विरोधकांचंच! आणि ही दुरुस्ती पास झाली की बाकीच्यांच्या दुरुस्त्या बरेचदा आपोआप बाद होतात, तेही अजेंड्यातच लिहिलेलं असतं.

चर्चा सेनेद टीव्हीवर लाइव्ह असते, पण एकदा तरी कार्डिफ बेला सेनेदच्या इमारतीत जाऊन गॅलरीत बसाच, फुकट आहे, काचेतून खाली गोल सभागृह दिसतं आणि वेल्श भाषणं हेडफोनवर इंग्रजीतून ऐकता येतात. दुरुस्ती मांडायची वेळ आली की मंत्री फक्त 'फॉर्मली' एवढंच म्हणतात आणि झालं, मला पहिल्यांदा वाटलं माइक बंद पडला. चर्चा संपली की अध्यक्ष विचारतात कुणाची हरकत आहे का, कुणीतरी हरकत घेतंच, आणि मतदान दिवसाच्या शेवटावर जातं. इथेच लोक टॅब बंद करतात आणि फसतात.

मतदान क्रमाने बघा: आधी मूळ ठराव जसाच्या तसा, तो पडला तर दुरुस्त्या, आणि एखादी दुरुस्ती पास झाली तर शेवटी दुरुस्त ठराव. बातमीतला 'पास' यातला कुठला ते बघायचं. समान मतं पडली तर अध्यक्षांचं मत नियमाप्रमाणे विरोधातच जातं. २०२१ च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी लेबर पक्षाला ६० पैकी बरोबर ३० जागा मिळाल्या आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष एरवी मत देत नाहीत, त्यामुळे मतं समान होऊन कधीकधी ठरावही पडायचा, दुरुस्त्याही पडायच्या आणि तासभर बोलून कागदावर शून्य.

म्हणून गैरहजर कोण ते पण बघा. ५ जून २०२४ ला फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे आपला मुख्यमंत्रीच) वॉन गेथिंग यांच्यावरचा विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा अविश्वास ठराव २९ विरुद्ध २७ ने पास झाला, कारण लेबरचे दोन सदस्य आजारी होते. पण ठराव एकट्या गेथिंग यांच्यावर होता, अख्ख्या सरकारवर नाही, म्हणून बंधनकारक नव्हता आणि ते खुर्चीवर राहिले. सरकारवर असता तर कायद्याने राजीनामा द्यावाच लागला असता, एवढा फरक शब्दांचा! शेवटी १६ जुलैला चार मंत्र्यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले तेव्हा गेथिंग यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

मे २०२६ च्या निवडणुकीपासून सदस्य ९६ झालेत, प्रत्येक मतदारसंघाचे सहा, तेव्हा ३० चं जुनं गणित विसरा. कुणी काय मत दिलं ते नावानिशी साइटवर येतं. वेल्समध्ये कायदेशीर राहत असाल तर भारतीय पासपोर्टवरही सेनेदला मत देता येतं, त्यामुळे आपले सहा कोण ते शोधून ठेवा आणि बुधवारी रात्री आधी त्यांचीच नावं बघा, ग्रुपवर मेसेज नंतर.