गोष्टीतल्या माणसांना त्यांची भाषा कशी द्यावी

मालवणात एका एकांकिकेसाठी मी पहिल्यांदा भाषा रचली ती एका रात्रीत. वहीत डावीकडे दीडशे मराठी शब्द, उजवीकडे सुचतील ते आवाज. तालमीत तिसऱ्याच वाक्याला मागून एक पोरगा म्हणाला, ‘ही च-ची भाषाच मां रे?’ त्याचं बरोबर होतं. च-च्या भाषेत पाण्याचं ‘चाणीप’ होतं, पण खालून मराठीच वाहते. माझंही तेच झालं होतं. तेव्हापासून शब्द सगळ्यात शेवटी.

आधी माणसं ठरवा. ती काय खातात, कशाला घाबरतात? माझी माणसं खाडीच्या तोंडाशी राहणारी, दिवस भरती-ओहोटीवर मोजणारी.

मग आवाज. वीसेक पुरेत, कुठले गाळले ते जास्त महत्त्वाचं. मी ट-वर्ग आणि सगळे महाप्राण, म्हणजे ख, घ, थ, भ असे ह मिसळलेले आवाज, काढून टाकले. यादी अक्षरांची नको, आवाजांची करा. ‘चिंच’ मोठ्याने म्हणून पाहा, अक्षर एकच पण ‘च’ दोन वेगळे. शब्द कसा संपतो तेही ठरवा. बांगड्याचा ‘बांगडो’ झाला की माणूस कुठला ते लगेच कळतं. अर्थात धाक बसवायचा असेल तर विचित्र आवाजही चालतात. 2015 च्या ‘बाहुबली’त कालकेय टोळीच्या तोंडी मदन कार्की यांनी रचलेली किलिकी भाषा आहे. जिभेच्या त्या टकटकीने अर्थ न कळताही वचक बसतो.

व्याकरणात एकच खोड निवडा, पण ती मुळापर्यंत न्या. ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता ठेवला. इंग्रजी कानाला ते उफराटं वाटतं. आपल्याकडे ‘बांगडो खाल्ल्यान मांजरान’ कुणीही सहज म्हणतं, त्यामुळे ही युक्ती फुकट जाते. मी क्रियापदाला भरती-ओहोटी जोडली. ‘नोल’ म्हणजे येणे; ‘नोलू’ भरतीबरोबर येणे, ‘नोली’ ओहोटीला येणे. ओहोटीला आलेली होडी चिखलात रुतते, म्हणून ‘नोली’चा अर्थ हळूहळू ‘अवेळी’ असा झाला. अर्थ असे घसरू द्या, भाषा जुनी वाटते.

आता शब्द. आपण एकाच फळाला शहाळं, आडसर, नारळ म्हणतो, कारण ते कधी उतरवायचं यावर घर चालतं. तुमच्या माणसांचं घर कशावर चालतं तिथे शब्द दाट हवेत, बाकी ठिकाणी विरळ चालतील. माझ्या लोकांना ‘जमीन’ असा शब्दच नाही. ओहोटीला उघडी पडते ती ‘लेव’, कधीच भिजत नाही ती ‘मोसा’. आणि परका माणूस ‘मोसान’, म्हणजे कोरडा! नवा शब्द पाडण्याआधी जुन्यातून निघतो का ते पाहा. साठ-सत्तर मुळं असली की एका नाटकाला पुरतात.

शेवटी वही दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसून ऐका. नाटकात तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं काम करणारा ‘मोसान’ला ‘मोस्सान’ म्हणायचा. मी वहीत तसंच करून टाकलं. पुढच्या आठवड्यात एकजण तालमीला अर्धा तास उशिरा आला. दारातच तो च-च्या भाषेवाला पोरगा उभा, ‘काय रे, नोली इलंस?’